फोन रिकामा करण्याआधी

या सदराकडे येणारे निम्मे प्रश्न एकाच वाक्याने सुरू होतात: ‘फोनमध्ये जागाच उरलेली नाही.’ फोटो निघत नाही, बँकेचं ॲप अपडेट होत नाही, व्हॉट्सॲप उघडलं की ‘स्टोरेज फुल’ची पाटी येते. विचारणाऱ्यांना हवी असते एक यादी. हे दाबा, ते पुसा, झालं. आजवर मीही तशीच उत्तरं देत आले. या वेळी यादीच्या आधी माझ्या खालाच्या घरची गोष्ट सांगते. ती घडल्यापासून माझ्या यादीचा क्रमच बदलला आहे.

खाला खेड तालुक्यात राहते. खालू शारजात २६ वर्षं नोकरीला होते. ज्यांच्या घरातलं कोणी तिकडे आहे त्यांना माहीत असेल, यूएईत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, तिथे त्यावर बंदी आहे. पण बोलून पाठवलेला निरोप मात्र जातो. व्हॉट्सॲपने २०१३ साली ही सोय दिली आणि आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांचा संसार त्या छोट्याशा माइकच्या चिन्हावर चालला. खालू दुपारी जुहरची नमाज झाली की दोन-तीन निरोप बोलून पाठवायचे. पगार झाला का, कौलं बदलली का, आंब्याला मोहर किती आला, दम्याचं औषध घेतलंस का. खालाला वाचता येतं, पण मोबाइलवर टाइप करणं तिला कधी जमलं नाही. तीही बोलूनच उत्तर द्यायची.

२०१९ मध्ये खालू कायमचे घरी आले आणि २०२२ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यानंतर खालाची एक सवय झाली. इशाची नमाज झाली की चष्मा लावून फोन घ्यायचा, बोटाने वर सरकवत जायचं आणि खालूंचा एखादा निरोप ऐकायचा. कुठला, ते ठरलेलं नसे. बोट थांबेल तो.

यंदा रमजानच्या आधी तिचा फोन भरला. फोन ३२ जीबीचा, जुना. नववीतला नातू सुट्टीला आला होता, तो म्हणाला, ‘दादी, दे इकडे, अर्ध्या तासात करून देतो.’ केलंही त्याने. फाइल मॅनेजर उघडला, व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये गेला. तिथे व्हिडिओचं फोल्डर ११ जीबीचं होतं, ते उडवलं. ठीकच केलं. शेजारी आवाजी निरोपांचं फोल्डर होतं. त्यात हजारो फाइली, प्रत्येकीचं नाव पीटीटी, मग आठ आकडे, मग आणखी काहीतरी. मुलाला वाटलं, हा फोनचाच कचरा आहे. तेही उडवलं आणि शहाण्यासारखा बिनही रिकामा केला, कारण बिनमधलं सामानही जागा अडवतं हे त्याला ठाऊक होतं.

त्या रात्री खालाने नेहमीप्रमाणे चॅट उघडलं. निरोप सगळे जागेवर दिसत होते. तारीख, वेळ, किती सेकंदांचा निरोप, सगळं. दाबल्यावर मात्र पाटी येत होती की ही फाइल आता मिळत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

‘कोणाला सांगू?’ तिने मला फोन करून एवढंच विचारलं.

मी पोहोचले चौथ्या दिवशी. तोवर व्हॉट्सॲपचा रोज रात्रीचा बॅकअप तीनदा होऊन गेला होता. हा बॅकअप म्हणजे जुन्या प्रतींची चळत नसते. नवी प्रत झाली की जुनीच्या जागी बसते. म्हणजे पुसलेलं पुसलेलंच राहिलं. खालूंचा स्वतःचा फोन असता तर त्यांनी पाठवलेले निरोप त्यात सापडले असते, पण इद्दत संपल्यावर घरच्यांनी तो फॉरमॅट करून कॉलेजात जाणाऱ्या एका गरजू मुलाला दिला होता. नियत चांगलीच होती. शेवटी कामाला आला तो खालाच्या मुलीचा आळस. ती भिवंडीत असते, तिचा फोन १२८ जीबीचा, आणि तिने आयुष्यात कधी काही पुसलेलं नाही. घरच्या ग्रुपवर खालूंनी टाकलेले ६१ निरोप तिच्याकडे मिळाले. ईदला पैसे कसे वाटायचे, पागोळीचं काम कोणाला द्यायचं, नातवाच्या बिस्मिल्लाहला मी येतोय. सगळ्यांसाठीचे निरोप. एकट्या खालासाठी पाठवलेले होते ते गेले.

नातवाला कोणी रागावलं नाही. पण त्या हजारो फाइलींची मिळून जागा किती होती, ते मी नंतर हिशेब करून पाहिलं. चारशे एमबीही नाही. शेजारचं ११ जीबीचं फोल्डर रिकामं केल्यावर त्यांना हात लावायची गरजच नव्हती.

ही मापं एकदा डोक्यात बसवून घ्या, पुढचं सगळं सोपं होतं. आवाजी निरोप मिनिटाला साधारण शे-दोनशे केबी घेतो. फोटो दोन ते पाच एमबीचा. आणि नेहमीच्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ मिनिटाला साठ ते दीडशे एमबी, फोरके ठेवलं तर त्याच्याही दुप्पट-तिप्पट. म्हणजे एका मिनिटाच्या व्हिडिओच्या जागेत माणसाचं दहा-अकरा तासांचं बोलणं मावतं. घरात जड काय आणि मोलाचं काय, याचा मेळ फोनमध्ये क्वचितच बसतो. जड असतं ते बहुतेक बाहेरून आलेलं, कोणीतरी पुढे ढकललेलं. आपल्या माणसाचं असतं ते कोपऱ्यात, विचित्र नावाखाली, मूठभर जागेत.

म्हणून माझा आता आग्रह असा की पुसायला बसण्याआधी आधी काढून ठेवायला बसा. अर्धा तास लागेल. ज्या निरोपांना तुम्ही जपता ते एकेक दाबून धरा, वरच्या तीन ठिपक्यांत ‘शेअर’ येतं, तिथून गूगल ड्राइव्हवर किंवा स्वतःच्याच ईमेलवर पाठवा. एका माणसाचे सगळेच हवे असतील तर त्याचं चॅट उघडून तीन ठिपके, ‘मोअर’, ‘एक्सपोर्ट चॅट’, आणि विचारल्यावर ‘इन्क्लुड मीडिया’. चॅट फार जुनं आणि मोठं असेल तर सगळं येत नाही, मीडियासकट अलीकडचे सुमारे १०,००० मेसेजच बाहेर पडतात. तेव्हा सर्वांत जुने निरोप हातानेच उचलावे लागतील. दुसरी वाट म्हणजे फोन केबलने कॉम्प्युटरला लावून ते आवाजाचं फोल्डर आख्खं पेनड्राइव्हवर उतरवणं. हल्लीच्या अँड्रॉइडवर ते ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, मग व्हॉट्सॲपच्या नावाच्या फोल्डरात खोल दडलेलं असतं. या फाइली ओपस प्रकारच्या असतात. कॉम्प्युटरने वाजवायला नकार दिला तर घाबरू नका, व्हीएलसी नावाचा फुकट प्लेअर त्या वाजवतो.

आणि प्रत दोन ठिकाणी ठेवा. एक ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर, किंवा बहिणीच्या फोनमध्ये. एका ठिकाणची प्रत म्हणजे प्रत नव्हे, ती फक्त हलवलेली वस्तू.

हे झालं की मग निर्धास्त पुसा. सुरुवात व्हॉट्सॲपपासूनच, कारण आपल्या घरांतले फोन भरतात ते तिथूनच. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. इथे ५ एमबीहून मोठ्या फाइली वेगळ्या काढलेल्या असतात, पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या. खाली कोणत्या चॅटने किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमाने. पहिल्या पाच नावांत बहुधा दोन मोहल्ल्याचे ग्रुप, एक शाळेचा, एक नातेवाइकांचा असतो. पुष्कळदा फॉरवर्ड झालेलं सगळं डोळे मिटून जाऊ द्या. मोठ्या फाइली मात्र डोळे उघडे ठेवून. त्यांत निकाहचा व्हिडिओ निघू शकतो.

मग नळ बंद करा. नाहीतर महिन्याभरात बादली पुन्हा भरते. त्याच ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ आहे. मोबाइल डेटा, वाय-फाय, रोमिंग असे तीन भाग दिसतील, तिन्हींमधल्या सगळ्या खुणा काढा. आता आलेला फोटो-व्हिडिओ धूसर दिसेल, तुम्ही बोट लावलंत तरच उतरेल. कोणी विचारतं, मग आवाजी निरोपही थांबतील का? नाही. ते नेहमी आपोआपच उतरतात. फक्त घरच्यांनी पाठवलेला हवा तो व्हिडिओ वेळच्या वेळी दाबून उतरवून घ्या, महिनोन्‌महिने थांबलात तर तो मिळेलच असं नाही. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ नावाचं आणखी एक बटण आहे. ते बंद केलं की त्यानंतर उतरलेली चित्रं गॅलरीत दिसत नाहीत, आणि पुष्कळांना वाटतं जागा वाचली. जागा तेवढीच अडलेली असते. नुसता पडदा ओढलेला असतो.

खालाच्या फोनवर हे करताना एक अडचण आली, जी तुमच्याही घरात येईल. फोटोंच्या फोल्डरात ‘जुम्मा मुबारक’ची हजारेक चित्रं होती. गुलाबाची फुलं, काबाशरीफ, खाली आयत. मी निवडायला लागले तशी खालाने माझा हात धरला. ‘यावर कलाम-ए-पाक आहे. कचऱ्याच्या डब्यात कसं टाकतेस?’ आमच्या वडीलधाऱ्यांचे फोन भरण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. छापील कागदावरची आयत आपण वेगळी ठेवतो, पुरतो किंवा वाहत्या पाण्यात सोडतो, तोच अदब ती फोनला लावत होती. मी तिच्यासमोरच आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, पडद्यावरचं अक्षर शाईसारखं कागदावर बसलेलं नसतं, फोन बंद केला की ते दिसेनासं होतंच. जागा करण्यासाठी पुसलं तर त्यात बेअदबी नाही. मनात शंका राहिली तर आपापल्या आलिमांना जरूर विचारा. खालाचं समाधान झालं, तिने स्वतःच्या बोटाने पुसलं. त्या चित्रांवर हदीस म्हणून छापलेली किती वाक्यं खरोखर हदीस असतात, हा वेगळाच विषय आहे.

याच ओघात तिलावतीच्या ॲपचंही बघून घ्या. एका कारीचं पूर्ण पठण फोनवर उतरवलं तर एक-दीड जीबी सहज जातं, आणि कितीतरी फोनांत तीन-तीन, चार-चार कारी उतरवून ठेवलेले असतात. ऐकता त्यांचं ठेवा, बाकीचे ॲपच्या आतूनच काढा. हवे तेव्हा पुन्हा उतरवता येतात. टेलिग्रामवर बयान ऐकत असाल तर तिथली ‘क्लिअर कॅश’ बिनदिक्कत दाबा. टेलिग्रामचं सामान त्यांच्या सर्व्हरवर राहतं, लागेल तेव्हा परत येतं. व्हॉट्सॲपचं तसं नाही. हा फरक नातवाला कोणी सांगितलेला नव्हता.

कॅशवरून आठवलं. फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या स्टोरेजखाली दोन बटणं शेजारी शेजारी असतात, ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ (काही फोनांत ‘क्लिअर स्टोरेज’). पहिलं निरुपद्रवी आहे. ॲपने पुन्हा लागेल म्हणून साठवलेलं किरकोळ सामान जातं. दुसरं दाबलं की ॲप नव्याने बसवल्यासारखं कोरं होतं. व्हॉट्सॲपच्या बाबतीत ते बटण म्हणजे घराला आतून झाडू नव्हे, घरच जमीनदोस्त. इतकी धोक्याची दोन बटणं अशी खांद्याला खांदा लावून का ठेवतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता गूगल फोटोज. याबद्दल गैरसमज इतके आहेत की एकदा नीट सांगते. फोटो वर ढगात जमा झाला म्हणजे फोनमधला खुशाल पुसावा, असं समजून लोक त्याच ॲपमध्ये फोटो दाबून ‘डिलीट’ करतात. तसं केलं की फोनमधला जातो आणि ढगातलाही जातो. फोनवरची प्रत काढून वरची ठेवायची असेल तर ॲपमध्ये वर आपल्या चित्रावर बोट लावा आणि ‘फ्री अप स्पेस’ निवडा. ते फक्त बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतं. चुकून पुसलंच तर बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतो. बॅकअप न झालेला, नव्या अँड्रॉइड फोनांवर, ३० दिवस. म्हणून बिन रिकामा करायची घाई करू नका, पंधरा दिवस तरी जाऊ द्या. आणखी एक, गूगल फोटोज आपण होऊन कॅमेऱ्याचेच फोटो वर नेतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू केल्याशिवाय जात नाहीत. मुलीने दुबईहून पाठवलेले नातवाचे फोटो सगळे व्हॉट्सॲपच्या फोल्डरात असतात, तेव्हा ते वर सुरक्षित आहेत असं गृहीत धरू नका.

गूगलची फुकटची जागा १५ जीबी. फोटो, ड्राइव्ह आणि जीमेल मिळून. १ जून २०२१ पासून फोटो त्यात मोजले जातात आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही. ती भरली की जीमेलवर पत्रं येणं थांबतं. व्हिसाचं, हजच्या अर्जाचं काही येणार असेल तर ही जागा आधी तपासा. व्हॉट्सॲप बॅकअपमधून व्हिडिओ वगळायची खूण ‘चॅट बॅकअप’मध्ये आहे, तेवढ्यानेही पुष्कळ हलकं होतं.

‘एका बोटात फोन साफ’ म्हणणारी क्लीनर ॲप्स घेऊ नका. त्यांतली बरीचशी जाहिराती दाखवण्यासाठीच असतात, आणि काय कचरा नि काय नाही हे त्यांना आपल्या नातवाइतकंही कळत नाही. गूगलचं ‘फाइल्स’ बहुतेक फोनांत आधीपासून असतं, तेवढं पुरतं. त्यात दोनदा आलेले फोटो, मोठ्या फाइली वेगळ्या दिसतात. मेमरी कार्ड घालायचं तर घाला, पण मोलाचं सामान एकट्या कार्डावर ठेवू नका. कार्ड एके दिवशी काहीही न सांगता मरतं. आणि ३२ जीबीच्या फोनात दहा-पंधरा जीबी फोनच्या आपल्या यंत्रणेचेच असतात, त्याला इलाज नाही. नवा घेणं परवडत असेल तर १२८च्या खाली घेऊ नका.

खालाच्या फोनमध्ये आता १४ जीबी मोकळे आहेत. ६१ निरोप भिवंडीत आहेत, ड्राइव्हवर आहेत, आणि एका पेनड्राइव्हवर. तो तिने पासपोर्टच्या पाकिटात घालून कपाटात ठेवला आहे. मागच्या आठवड्यात शारजाला खालूंच्या खोलीत राहणाऱ्या एका साथीदाराकडून आणखी दोन आले. खालूंनी त्याला पाठवलेले, भाजी काय आणायची ते सांगणारे. तेही तिने ठेवून घेतले.

पुढच्या अंकात जुना फोन विकताना किंवा कोणाला देताना काय काढून घ्यायचं आणि काय पुसायचं, ते घेऊ. घरातल्या मरहूम व्यक्तीचा फोन कपाटात पडून असेल तर तोवर तो फॉरमॅट करू नका. त्यातलं व्हॉट्सॲपही काढू नका. खातं १२० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करते, पण ॲप जागेवर असेल तर त्या फोनमध्ये उतरलेलं सामान तिथेच राहतं. अधूनमधून चार्ज करून ठेवा आणि पिन कोणाला ठाऊक आहे का, तेवढं आत्ताच विचारून घ्या.